रयत की ‘स्टेकहोल्डर’? संकटात विद्यापीठ कुणाचं असतं

(साताऱ्यात दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी विषय कळवला तो असा: ‘संकटकाळात खासगी विद्यापीठांचं स्टेकहोल्डर व्यवस्थापन आणि आंतरराष्ट्रीय संबंध’. पत्र घरात वाचून दाखवलं, तेव्हा पहिला प्रश्न आला, “म्हणजे नक्की कशावर बोलणार?” (हशा) प्रश्न रास्त होता. म्हणून सुरुवात या शब्दापासूनच करू.

‘स्टेकहोल्डर’ हा शब्द आता प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपत्रकात असतो. मराठी करताना कुणी ‘भागधारक’ लिहितं, कुणी ‘हितसंबंधी’. पण सातारा-सांगलीच्या माणसाला भागधारक म्हटलं की काय आठवतं? साखर कारखान्याचा सभासद. त्याच्याकडे शेअरचा दाखला असतो. वर्षातून एकदा तो मंडपात बसतो, हातात छापील अहवाल असतो, आणि ऊसदर पटला नाही तर उठून अध्यक्षाला तोंडावर विचारतो. त्याला मत असतं. कारखान्यांचं राजकारण किती नासलं, हे आम्हाला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. तरी मत असतं, आणि निवडणूक आली की संचालक दारात येतात.

विद्यापीठाच्या ‘स्टेकहोल्डर’ला, म्हणजे विद्यार्थी, पालक, शिक्षक, आसपासचं गाव यांना काय असतं? एक फीडबॅक फॉर्म. त्यात एक ते पाच आकड्यांपैकी एकावर खूण करायची. शब्द भागधारकाचा आणि हक्क ग्राहकाचा, तोही अर्धामुर्धा. आमची टीका आहे ती इथं.

सगळं सुरळीत चाललेलं असतं तेव्हा हा फरक दिसत नाही. स्नेहसंमेलन असतं, पदवीदान असतं, सगळे फोटोत असतात. फरक दिसतो संकटात. तेव्हा तीन साधे प्रश्न विचारावेत. खबर आधी कुणाला मिळाली? सल्ला कुणाचा घेतला? आणि भुर्दंड कुणावर पडला? हे तीन प्रश्न घेऊन आम्ही आज थोडं मागं जाणार आहोत, आणि मग आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टींकडे येणार आहोत.

मागं म्हणजे रयतकडे. साताऱ्यात बोलायचं आणि भाऊराव पाटलांना टाळायचं, हे जमणारं नाही. कराड तालुक्यातल्या काले गावी १९१९ च्या दसऱ्याला संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत होती. लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. हे आपण शाळेत पाठ केलंय, म्हणून आम्ही त्यावर थांबत नाही.

थांबायचं आहे ते १९४८ वर. गांधीहत्येनंतर हा सगळा भाग पेटला होता. त्या तापलेल्या काळात भाऊरावांच्या जाहीर बोलण्यावरून आणि सरकारशी झालेल्या वादातून बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारनं रयतचं अनुदान थांबवलं. आता आजच्या भाषेत बोलू. एका मोठ्या शिक्षणसंस्थेचा मुख्य निधीदार रातोरात हात काढून घेतो. शाळा खेड्यापाड्यात पसरलेल्या, वसतिगृहं भरलेली, शिक्षकांचे पगार द्यायचे. याला संकट म्हणायचं की नाही?

संस्था तगली. कशी? गावं उभी राहिली. लोकांनी वर्गणी दिली, धान्य दिलं. शिक्षकांनी झळ सोसली. काही काळानं सरकारलाही अनुदान पुन्हा सुरू करावं लागलं. पण ती गावं त्या दिवशी अचानक जागी झाली, असं समजू नका. घरोघरच्या बाया दळणकांडण करताना मूठभर धान्य बाजूला काढून रयतच्या वसतिगृहाला देत, ते कितीतरी आधीपासून. ज्या बाईनं वर्षभर मूठ बाजूला काढली, तिला संस्थेची अडचण कुणी ‘कळवावी’ लागत नव्हती. ती अडचण तिच्या घरचीच होती. वसतिगृहातली पोरं विटा पाडायची, शेतात राबायची. संस्थेचा जमाखर्च त्यांच्या हाताला घट्ट्यांच्या रूपात माहीत होता.

म्हणजे आमच्या तीन प्रश्नांची उत्तरं बघा. खबर सगळ्यांना होती. सल्ला? इथं आम्ही भाऊरावांचं देव्हारं करणार नाही. निर्णय बरेचसे त्यांचेच असत, आणि संस्थेच्या प्रमुखाच्या एका भाषणाची किंमत शेकडो शिक्षकांनी मोजली, हेही खरं. शिक्षकानं उपाशी राहून संस्था चालवावी, हा काही आदर्श नव्हे. पण भुर्दंड वाटून घेतला गेला, आणि वाटून घेणाऱ्याला ‘ही संस्था माझी’ असं म्हणता येत होतं. संस्थेच्या नावातच ‘रयत’ आहे.

दुसरी एक गोष्ट इथं सगळ्यांना ठाऊक आहे. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचं नाव बदलून आपलं नाव द्या, मोठी देणगी देतो, असं एका धनिकानं सुचवलं, आणि भाऊरावांनी ते साफ नाकारलं, असं सांगतात. आम्हाला त्यातला नाट्यमय भाग महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं हे की, ज्याचा पैसा मोठा त्याचा आवाज मोठा, हा नियम संस्थेनं मान्य केला नाही. आज देणगीदाराचं नाव इमारतीवर, त्याच्या मुलाचं नाव सभागृहावर, आणि फी भरणाऱ्या पालकाचं नाव फक्त पावतीवर, असा क्रम लागतो.

मग हे बदललं कधी? त्याचं वळणही आपल्याच मातीतलं आहे. १९८३ मध्ये सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली गेली. दादांचा मुद्दा व्यवहाराचा होता. आपली पोरं इंजिनिअर आणि डॉक्टर व्हायला कर्नाटकात जातात, तिथं डोनेशन भरतात. पोरंही जातात आणि पैसाही जातो. मग इथंच का नको? मुद्दा खोटा नव्हता. त्या निर्णयातून शेतकऱ्यांची, बलुतेदारांची कितीतरी पोरं इंजिनिअर झाली. आमचे कित्येक विद्यार्थी त्यातलेच.

पण त्या दिवसापासून संस्थेचा आधार बदलला. मूठभर धान्याच्या जागी आणि सरकारी अनुदानाच्या जागी फी आली. पुढं अभिमत विद्यापीठं झाली. भारती विद्यापीठ १९६४ चं, त्याला १९९६ मध्ये अभिमत दर्जा मिळाला. कराडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेला २००५ मध्ये. भारतीचे संस्थापक पतंगराव कदम सोनसळचे, रयतमध्ये कमवून शिकलेले, रयतच्याच शाळेत शिकवलेले. म्हणजे धागा एकच आहे. या संस्थांनी तालुक्याच्या ठिकाणी रुग्णालयं उभी केली, त्यात गरिबांवर उपचार होतात, हे नाकारणारा माणूस खोटं बोलतोय. आमचा प्रश्न त्यांच्या कामावर नाही, रचनेवर आहे.

रचना अशी. शिवाजी विद्यापीठ हे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचं सार्वजनिक विद्यापीठ. त्याला अधिसभा आहे. तिथं शिक्षक निवडून जातात, नोंदणीकृत पदवीधर निवडून जातात. गटबाजी होते, आरडाओरडा होतो, पण अर्थसंकल्पावर प्रश्न विचारला जातो आणि दुसऱ्या दिवशी ‘पुढारी’त, ‘सकाळ’मध्ये छापून येतो. अभिमत विद्यापीठात अशी निवडून आलेली अधिसभा नसते. कुलपती प्रायोजक संस्था नेमते. शेवटचा शब्द कुणाचा, हे सांगायला नको. म्हणून तिथं ‘स्टेकहोल्डर’ सांभाळावे लागतात. ज्यांना मत असतं त्यांना विचारलं जातं. ज्यांना मत नसतं त्यांना सांभाळलं जातं.

आता आपल्या डोळ्यांदेखतची संकटं घेऊ. ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. त्या आठवड्यात शाळा-कॉलेजांचे वर्ग उघडले गेले, बाकं सरकवून माणसं झोपली. शिपायापासून प्राचार्यापर्यंत लोक भाकरी गोळा करत होते. तिथं कुणी कुणाचं व्यवस्थापन केलं नाही. महापुराच्या वेळी संस्था पुन्हा गावाच्या झाल्या होत्या, चार दिवस का होईना.

पुढच्याच वर्षी कोविड आला. इथल्या वैद्यकीय संस्थांच्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी, निवासी विद्यार्थ्यांनी जीव धोक्यात घालून काम केलं. त्यांना नमस्कारच. पण त्याच काळात आमच्या नात्यातल्या एका मुलीचं काय झालं ते सांगतो. संस्थेचं नाव घेत नाही. वसतिगृह बंद, ती घरी, मोबाईलवर तास चाललेले. वडिलांचं दुकान बंद. आणि निरोप आला: वर्षाची फी, वसतिगृहासकट, अमुक तारखेच्या आत भरा, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. वडिलांनी फोन केला. फोनवरच्या मुलीनं अतिशय गोड आवाजात तेच वाक्य तीनदा वाचून दाखवलं. त्याच आठवड्यात संस्थेच्या पानावर मोठा मजकूर आला होता, ‘आम्ही आमच्या विद्यार्थी-कुटुंबाच्या पाठीशी आहोत.’ कुटुंब हा शब्द वाचून त्या बापाला काय वाटलं असेल?

खबर त्याला मिळाली, पण शेवटी, आदेश म्हणून. सल्ला कुणी घेतला नाही. भुर्दंड मात्र पूर्ण त्याचा. संस्थेलाही पगार द्यायचे होते, हे आम्हाला मान्य आहे. मग तेच सांगा ना! पालकांची सभा बोलवा, जमाखर्च समोर ठेवा, म्हणा की इतका खर्च वाचलाय, इतका वाचलेला नाही, यातून वाट काढू. लोक हप्त्यानं भरतात, काही जण दुसऱ्याच्या पोराचंही भरतात. पण त्यासाठी वही उघडावी लागते. गोड आवाज पुरत नाही.

आता आंतरराष्ट्रीय संबंधांकडे येऊ. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. आपल्याकडच्या लोकांना त्या दिवशी खारकीव्ह, कीव्ह, तेर्नोपिल ही नावं पाठ झाली, कारण तिथं आपली पोरं होती, डॉक्टर व्हायला गेलेली. तळघरातून त्यांचे फोन येत होते. शेजारच्या कर्नाटकातला, हावेरी जिल्ह्यातला एक विद्यार्थी खारकीव्हमध्ये मारला गेला. ‘ऑपरेशन गंगा’तून साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय परत आले. सातारा-सांगलीतल्या घरांतही पोरं आली, आयांनी ओवाळलं. आणि मग प्रश्न पडला, पुढं काय?

इथं वसंतदादांचा १९८३ चा मुद्दा आठवा. पोरं कर्नाटकात जातात म्हणून आपण खासगी महाविद्यालयं काढली. चाळीस वर्षांनी तीच पोरं युक्रेनला का गेली? गुणांच्या स्पर्धेत सरकारी जागा हुकली, आणि इथली खासगी फी परवडेना. कर्नाटकापुरती असलेली वाट आम्ही काळ्या समुद्रापर्यंत लांबवली. आणखी एक तारीख सांगतो. ३ फेब्रुवारी २०२२ ला राष्ट्रीय वैद्यक आयोगानं ज्ञापन काढलं, की खासगी आणि अभिमत वैद्यकीय संस्थांतल्या निम्म्या जागांची फी त्या त्या राज्यातल्या सरकारी महाविद्यालयाइतकी असावी. युद्धाच्या बरोबर तीन आठवडे आधी. त्या कागदाचं पुढं काय झालं, ते तुमच्यापैकी ज्यांची मुलं शिकताहेत त्यांनी आपापल्या पावत्या काढून बघावं.

परत आलेल्या मुलांना इथल्या महाविद्यालयांत सामावून घेता येणार नाही, कायद्यात तशी तरतूद नाही, असं केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये संसदेत सांगितलं. सप्टेंबरमध्ये इतर देशांतल्या विद्यापीठांत जाऊन शिक्षण पुरं करायची मुभा मिळाली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं तोडगा आला, तोही शेवटच्या टप्प्यातल्या मुलांपुरता: इथली अंतिम परीक्षा द्यायची एकच संधी, आणि पुढं दोन वर्षं इंटर्नशिप. वर्षभर पोरं आणि आईबाप दिल्लीच्या तारखांकडे डोळे लावून होते.

इथल्या विद्यापीठांना प्रवेश देता येत नव्हता, हे खरं. त्याचा दोष आम्ही त्यांना देणार नाही. पण प्रवेश म्हणजेच सगळं का? ग्रंथालय उघडता आलं असतं. शवविच्छेदनाच्या खोलीत, वॉर्डात उभं राहून बघू देता आलं असतं. तिकडच्या विद्यापीठाशी पत्रव्यवहार करून गुणपत्रकं मिळवायला मदत करता आली असती. त्यासाठीच तर आंतरराष्ट्रीय विभाग असतो, नाही का? काहींनी केलंही असेल, त्यांचं कौतुक. पण ते आपलं काम आहे, असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

कारण आपल्याकडे आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे सामंजस्य करार, म्हणजे एमओयू. भिंतीवर दोन देशांचे झेंडे, मध्ये शाल आणि पुष्पगुच्छ. नॅकच्या मूल्यांकनात करार मोजले जातात. मग करार होतात. आमच्या वाचनात आलेल्या करारांत एक वाक्य हमखास असतं: हा करार दोन्ही पक्षांवर कायद्यानं बंधनकारक नाही. (हशा) हसू नका, ते खरंच असतं. युद्ध झालं, साथ आली, सीमा बंद झाल्या तर विद्यार्थ्याचं काय, हे कलम त्यांत आम्हाला दिसलं नाही. दुसरा आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे अनिवासी भारतीयांचा कोटा. २००५ च्या इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पंधरा टक्क्यांपर्यंत जागांना मुभा दिली. तो संबंध मात्र पक्का असतो, कारण तो डॉलरमध्ये असतो.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात मिरजेत १८९४ मध्ये वॉन्लेस रुग्णालय सुरू झालं. अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, त्यावर वाद घालता येईल. पण विल्यम वॉन्लेस तिथं राहिले, दशकानुदशकं शस्त्रक्रिया केल्या, इथल्या मुलांना वैद्यक शिकवलं. तोही परदेशी संबंधच होता. संबंध टिकतो तो माणसं येऊन राहिल्यावर, एकमेकांची जबाबदारी घेतल्यावर. फोटोनं टिकत नाही.

आता समोरून एक आक्षेप येणार, तो आम्हीच मांडतो. खासगी विद्यापीठ म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे. संकटात झटपट निर्णय लागतो, एकच अधिकृत आवाज लागतो. पाणी घरात शिरत असताना सभा कसली घेता?

आक्षेपात तथ्य आहे. पण आपल्यापेक्षा याचं उत्तर कुणाला जास्त कळणार? कोयनेचे दरवाजे उघडतात तेव्हा निर्णय अभियंताच घेतो, गावाचं मतदान घेत नाही. पण किती क्युसेक सोडणार, केव्हा सोडणार, हे तो आधी सांगतो. ते पाणी कराडच्या संगमावरून सांगलीला पोचेपर्यंत जो वेळ मिळतो, त्या वेळात माणसं हलतात, जनावरं हलतात. ही सूचना उपकार म्हणून दिलेली नसते, काठावरच्यांचा तो हक्क असतो. आणि पावसाळ्यात कुणी काय करायचं, हे उन्हाळ्यात ठरवायचं असतं. अलमट्टीचा प्रश्न दरवर्षी पाणी चढल्यावरच भांडून सुटला असता, तर केव्हाच सुटला असता. करारातलं संकटाचं कलमही उन्हाळ्यातच लिहायचं असतं.

म्हणून आम्ही चार साध्या गोष्टी मागतो. एक, दरवर्षी फीचा आणि खर्चाचा जमाखर्च मराठीत, पालकांना समजेल असा छापावा आणि त्यावर पालकांची सभा घ्यावी. दोन, जिथं आणीबाणीचे निर्णय होतात तिथं निवडून आलेला एक विद्यार्थी आणि एक पालक असावा, मतासह. तीन, प्रत्येक परदेशी करारात लिहावं, की युद्ध, साथ किंवा आपत्तीत विद्यार्थ्याचं शिक्षण, राहणं आणि परतणं यांची जबाबदारी कुणाची. ते लिहायला समोरचं विद्यापीठ तयार नसेल, तर तो झेंड्यांचा फोटो काढू नये. चार, संकटात फीबद्दलचा निर्णय झाला की तो कुणी, कशाच्या आधारावर घेतला, हे नावासकट सांगावं. यातली एकही गोष्ट करायला नवा कायदा लागत नाही.

पालकांनाही एक सांगतो. आपण ॲडमिशन झाली की सुटलो म्हणतो. कारखान्याच्या सभेला शंभर रुपयांच्या दरावरून उठून उभे राहतो, आणि लाखांची फी भरताना काउंटरवर मान खाली घालून पावती घेतो. पोराला त्रास होईल, ही भीती असते. समजू शकतो. एकटा बाप उठला तर होईलही त्रास. शंभर उठले तर होणार नाही. मूठ फंडाचा अर्थही तोच होता, मूठ एकेकीची आणि पोतं सगळ्यांचं.

कारखान्याच्या सभेत शेवटी अध्यक्ष विचारतात, “अहवाल मंजूर आहे का?” आणि मंडपातून आवाज येतो, “मंजूर, मंजूर!” कधी कधी येतो, “नामंजूर!” मग पोलीस लागतात. (हशा) विद्यापीठाच्या मंडपात हा प्रश्न एकदा तरी विचारला जावा, आणि उत्तर काहीही आलं तरी ते इतिवृत्तात लिहिलं जावं, इतकंच मागणं आहे.

आम्ही इथं थांबतो. शेवटच्या रांगेत मुलं बसली आहेत, त्यांनी आधी प्रश्न विचारावेत. प्राध्यापक मंडळींना आम्ही नंतर ऐकू. नमस्कार.